कॉपी न होणारी डीव्हीडी मागू नका

शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम उरकला की एडिटिंगच्या टेबलावर एक मागणी हमखास येते : "दादा, अशी डीव्हीडी काढून द्या की कुणाला कॉपीच मारता येणार नाही." मागणारा शूटिंगवाला काही तक्रारखोर माणूस नसतो. त्याने स्वतःचे दोन कॅमेरे लावलेले असतात, तिसरा भाड्याने आणलेला असतो, हाताखालच्या पोरांची मजुरी रोख दिलेली असते आणि रात्री जागून पाचवी ब च्या कोळीनृत्यापासून मुख्याध्यापकांच्या भाषणापर्यंत सगळं जोडलेलं असतं. मग एका वर्गात पाच-सात डीव्हीडी खपतात आणि उरलेल्या घरांत तोच कार्यक्रम फुकट पोचतो. एका पालकाने विकत घेतलेली असते, त्याच्या भाच्याने प्रती काढलेल्या असतात आणि शाळेच्या रिक्षातून त्या वाटल्याही गेलेल्या असतात. गेल्या काही वर्षांत डीव्हीडीची जागा बऱ्याच ठिकाणी पेनड्राइव्हने घेतली, कुठे नुसती लिंक पाठवतात. मागणी मात्र तीच आहे.

या मागणीमागचा राग मला पटतो, मागणी पटत नाही. असं कुलूप त्याला मिळणार नाही, मिळालं तरी धंदा वाचणार नाही, आणि पुष्कळदा ज्या चित्रणाला तो कुलूप लावू पाहतो ते कायद्याने त्याचं नसतंच.

आधी कुलूप मिळण्याबद्दल. सिनेमाच्या छापील डीव्हीडीवर जे कुलूप असतं त्याचं नाव सीएसएस. १९९६ मध्ये डीव्हीडी बाजारात आली ती हे कुलूप घेऊनच. डिस्कवरचं चित्र आणि आवाज सांकेतिक रूपात असतात. संकेत उलगडायची एक किल्ली प्लेअरच्या पोटात असते, दुसरी डिस्कच्या अगदी आतल्या कडेला एका राखीव पट्ट्यात. दोन्ही जुळल्या की पडद्यावर चित्र दिसतं. आता गंमत बघा. आपण दुकानातून पन्नासच्या गठ्ठ्यात आणतो त्या कोऱ्या डीव्हीडीवर हा पट्टा कारखान्यातच निकामी करून ठेवलेला असतो. हेतू उघड आहे : कुणी सिनेमाची डिस्क जशीच्या तशी उतरवायला गेलं तर चित्र उतरेल, किल्ली उतरणार नाही. मोठ्या स्टुडिओंचा माल राखण्यासाठी केलेली ही तजवीज. पण तिच्यामुळे ज्याला स्वतःच्याच चित्रणाला कुलूप लावायचं आहे, त्यालाही किल्ली ठेवायला जागा उरत नाही. साध्या रायटरवर राइट केलेल्या साध्या डिस्कला सीएसएस लागत नाही, कितीही पैसे टाका.

लावायचंच तर डिस्क कारखान्यात छापून घ्यावी लागते. काचेचा मास्टर, त्यावरून धातूचा साचा, साच्यावरून छपाई, आणि वर कुलपाच्या परवान्याचा खर्च. हजारो प्रती काढणाऱ्याला हे परवडतं, पाचवी ब ला परवडत नाही. डीव्हीडी बनवायच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉपी प्रोटेक्शन' नावाचा एक चौकोन असतो. त्यात टिक करून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत. ती सूचना कारखान्याकडे जाणाऱ्या मास्टरसाठी असते. कोऱ्या डिस्कवर राइट केलं की ती टिक सॉफ्टवेअरमध्येच राहते. मॅक्रोव्हिजन नावाचा आणखी एक प्रकार होता. त्याने व्हीसीआरवर काढलेली कॉपी बिघडायची, संगणकाला त्याचा काही फरक पडत नाही. पुढे खास कोऱ्या डिस्क आणि खास रायटर निघाले, ज्यांवर सीएसएस लिहिता येई. आपल्याकडच्या दुकानांत ते मला तरी कधी दिसले नाहीत. डीव्हीडीनंतर आलेल्या ब्लू-रे डिस्कची तऱ्हा तर अगदी उलटी : तिथे कारखान्यात छापायची तर एएसीएस नावाचं कुलूप सक्तीचं, तुम्हाला नको असलं तरी, आणि त्याचे पैसे तुम्हीच भरायचे. म्हणजे एकीकडे हवं त्याला मिळत नाही, दुसरीकडे नको त्याच्या गळ्यात. ही सगळी व्यवस्था आखताना छोटा निर्माता कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

मग उरतो जुगाड. डिस्कवर मुद्दाम खराब जागा पेरायच्या, म्हणजे कॉपी करणारं सॉफ्टवेअर तिथे अडखळेल. किंवा शंभरेक खोटी शीर्षकं घालायची, म्हणजे खरा कार्यक्रम कुठला ते त्याला कळणार नाही. सोनीसारख्या कंपनीनेही सिनेमाच्या डिस्कवर हे तंत्र वापरून पाहिलं. आपल्या गावात त्याचं काय होतं? टीव्हीखाली ठेवलेला आजोबांचा स्वस्तातला प्लेअर स्वागतगीतालाच अडकतो. चित्राचे चौकोन होतात, आवाज पुढे निघून जातो, मग डिस्क नुसतीच गरगरत राहते. दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन दुकानात कोण येतं? ज्याने पैसे मोजले तो. कॉपीवाल्याच्या हाती पडलेल्या प्रतीत त्या खराब जागा कधीच गाळलेल्या असतात, ती सुरळीत चालते. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर 'पायरसी हा गुन्हा आहे' ही पाटी पुढे ढकलता येत नाही आणि चोरीच्या डिस्कवर थेट सिनेमा सुरू होतो, तो अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. चोरी करू नका हे फक्त न चोरणाऱ्याला ऐकवलं जातं.

ज्यांच्याकडे पैसा आणि तंत्रज्ञ होते त्यांचं तरी काय झालं? सीएसएसची किल्ली अवघ्या ४० बिटांची होती. १९९९ मध्ये नॉर्वेतल्या योन लेक योहानसेन या पंधरा वर्षांच्या मुलाने नाव न सांगणाऱ्या साथीदारांबरोबर ते कुलूप उघडणारा छोटासा प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. त्याच्यावर खटला भरला गेला आणि २००३ मध्ये तो सुटला, अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःच्या संगणकावर उघडणं हा गुन्हा ठरत नाही, असा त्या निकालांचा मथितार्थ. गाण्यांच्या सीडींची कथा याहून मजेदार आहे. २००३ मध्येच अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं, की एका नव्या 'सुरक्षित' सीडीचं कुलूप शिफ्टची कळ दाबून ठेवली की लागतच नाही. कुलूप बनवणाऱ्या कंपनीने त्याला कोर्टात खेचायची धमकी दिली आणि हसं होतंय म्हटल्यावर ती मागे घेतली.

२००५ मध्ये तर सोनी बीएमजी या संगीत कंपनीने कमाल केली. त्यांच्या काही सीडी संगणकात घातल्या की एक प्रोग्रॅम गुपचूप आत शिरे आणि स्वतःला लपवून ठेवी. त्या आडोशाचा फायदा व्हायरसवाल्यांनी घेतला. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ऑक्टोबरअखेर हे उघडकीला आणल्यावर सीडी परत मागवाव्या लागल्या, खटले झाले, भरपाई द्यावी लागली. आणि वर कडी म्हणजे त्या कुलपाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांनी खुल्या परवान्यावर दिलेला कोड, परवान्याच्या अटी न पाळता, वापरलेला आढळला. कॉपी रोखणाराच कॉपी करताना सापडला. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं. आपला शूटिंगवाला एका संगणकावर, तेही क्रॅक केलेल्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर, जगाला अडवायला निघतो तेव्हा त्याचं कौतुक करावं की काळजी, हे कळत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. पट्टीचा चोर कुलूप तोडेल, मान्य, पण साधा माणूस अडेल की. मावशीला, शेजाऱ्याला, रिक्षावाल्या काकांना कॉपी जमली नाही तर ते विकत घेतील. परदेशात हे काही अंशी खरं असेलही, कारण तिथे जो तो आपापल्या घरी, आपापल्या संगणकावर कॉपी करत बसतो. आपल्याकडे सहज कॉपी ही घरी करायची गोष्ट कधीच नव्हती. ती दुकानात मिळणारी सेवा होती. व्हीसीडीच्या जमान्यात तर डिस्कला कुलूपच नव्हतं. तमाशा, लावणी, कीर्तन, खानदेशी विनोदी नाटुकली, सगळं त्या चकत्यांवर फिरलं आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने दहा-वीस रुपयांत हवं ते उतरवून दिलं. पुढे मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी लागली. गिऱ्हाइकाने मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं, चहा घेऊन यायचं, तोवर भजनं, लग्नाची गाणी आणि दोन सिनेमे भरून तयार. गिऱ्हाइकाला कॉपी कशी करतात हे ठाऊक असायची गरजच नाही. ठाऊक असणारा एक माणूस प्रत्येक बाजारपेठेत बसलेला आहे, दिवसभर तेच करतो आणि त्याच्याकडे कुलूप उघडायची सगळी हत्यारं आहेत. मावशीला अडवणारं कुलूप त्याला अडवत नाही, आणि मावशी तर त्याच्याकडेच जाणार आहे. एकाने एकदा उघडलं की पुढच्या सगळ्या प्रती उघड्याच. सहज कॉपी आणि अट्टल कॉपी हा भेद त्यामुळे आपल्या बाजारात टिकत नाही.

आता मालकीचा प्रश्न. लग्नाचं शूटिंग करणारे बरेच जण समजतात की कॅमेरा माझा, मेहनत माझी, म्हणजे चित्रणाचा हक्क माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचावं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा चित्रफीत केली, तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे वधूपित्याने पैसे मोजून करवून घेतलेली लग्नाची डीव्हीडी वधूपित्याची. त्याने पन्नास प्रती काढून पन्नास नातेवाइकांना वाटल्या तर ती चोरी नाही, घरचा माल घरात वाटला. त्या डिस्कला कुलूप लावून 'जादा कॉपी माझ्याकडूनच घ्या, इतके रुपये पडतील' म्हणणारा शूटिंगवाला, करारात तसं लिहून घेतलं नसेल तर, दुसऱ्याच्या वस्तूवर पहारा बसवतोय. हे ऐकून लोक चिडतात. पण मग करारात लिहून घ्या ना. आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगचा करार म्हणजे व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहिलेला ॲडव्हान्सचा आकडा.

गॅदरिंगचं थोडं निराळं. तिथे शाळा बहुधा पैसे देत नाही. शूटिंगवाला स्वतःच्या खर्चाने चित्रण करतो आणि पालकांना विकतो, म्हणजे निर्माता तोच. पण त्या डिस्कवर असतं काय? बारा नाच आणि बाराही सिनेमाच्या गाण्यांवर. ही गाणी शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक, विद्यार्थी आणि पालकांपुढे वाजवायला कलम ५२ सवलत देतं. तीच गाणी ध्वनिमुद्रणासकट डिस्कवर भरून विकायची मुभा त्या सवलतीत नाही. तेव्हा जो माणूस 'माझी कॉपी करू नका' म्हणतोय त्याने स्वतः कुणा कुणाच्या चिजा न विचारता कॉपी करून विकायला काढलेल्या असतात. त्याला चोर म्हणायचा माझा बेत नाही. शाळेतल्या पोरांच्या नाचासाठी संगीत कंपन्यांच्या दारात जाऊन परवाना आणायचा कसा, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तो खर्च त्या धंद्यात बसणारा नाही. फक्त एवढंच, की कॉपीराइटचा झेंडा घेऊन उभं राहायला ही जागा फारशी भक्कम नाही.

कायदा कडक करा म्हणणाऱ्यांसाठी : तो कमी कडक नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र ते कलम 'परिणामकारक' तांत्रिक उपायाबद्दल बोलतं, आणि कोऱ्या डिस्कवर न उमटणारी टिक त्यात बसणं कठीण. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरट्सना झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीला बसवलं. म्हणजे खटला न चालवता वर्षभर स्थानबद्ध करता येतं. मुंबईच्या सिनेमावाल्यांच्या मागणीला तेव्हा यश आलं. पण गॅदरिंगची डीव्हीडी कॉपी केली म्हणून कुण्या पालकाला स्थानबद्ध करायला कुठला जिल्हाधिकारी बसलाय? आणि खरंच केलं तर पुढच्या वर्षी त्या शाळेत शूटिंगला कोण बोलावील? शिवाय कलम ५२-अ प्रमाणे विकायच्या प्रत्येक व्हिडिओ फिल्मवर आणि तिच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव-पत्ता, गरज असेल तिथे सेन्सॉरचा दाखला, हे सगळं छापावं लागतं. गावोगावच्या डिस्कवर नुसतं 'फलाणा डिजिटल' आणि एक मोबाइल नंबर असतो. पोलिसांत गेलो तर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल, हे मनातून सगळ्यांना माहीत असतं.

मग कॉपीपुढे हात टेकायचे का? नाही. पैसे घ्यायची जागा बदलायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या भारतीय कंपनीने सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. फूटपाथवरची चोरीची डिस्क साधारण त्याच भावात मिळे. खोक्यावर चित्र, आत नीट चालणारी डिस्क, बिल मागितलं तर बिल, आणि किंमत चोरीइतकीच. लोकांनी घेतल्या, मराठी सिनेमेही त्यात होते. पुढे कंपनी बुडाली, २०१८ मध्ये अवसायनात निघाली, हे मला ठाऊक आहे. पण तोवर डिस्कचा जमानाच सरला होता. कॉपीवाल्याला तिने जेवढा घाम फोडला तेवढा कुठल्या किल्लीने फोडला नव्हता, असं माझं मत आहे.

गॅदरिंगवाल्याला ३४ रुपयांचा भाव परवडणार नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक एका शाळेपुरतं. पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी सिनेमावाल्याकडे नव्हती : त्याचं सगळं गिऱ्हाईक कोण, हे त्याला कार्यक्रमाच्या आधीच माहीत असतं. समजा शाळेत ४०० मुलं आहेत. आज तो ३०० रुपयांची डीव्हीडी ८० जणांना विकतो, हातात येतात २४ हजार, आणि उरलेल्या ३२० घरांवर तो वर्षभर चिडून असतो. त्याऐवजी गॅदरिंगच्या वर्गणीत माणशी ७५ रुपये चित्रणाचे धरले तर ३० हजार होतात, तेही कार्यक्रमाआधी. मग प्रत्येक घरी प्रत जाते. ज्याला पेनड्राइव्हवर हवी त्याने पेनड्राइव्ह आणावा, ज्याला लिंक हवी त्याला लिंक. कॉपी करायला कारणच उरत नाही, आणि कुणी गावच्या आजीसाठी केलीच तर ती शूटिंगवाल्याची जाहिरात. ७५ रुपयेही जड जाणारी घरं प्रत्येक शाळेत असतात, त्यांचं शाळेने बघावं. मुलांच्या फोटोची, सहलीची वर्गणी आपण याच रीतीने गोळा करतो, चित्रणाची करायला कुणाची हरकत नसावी. अडचण एकच : यासाठी मुख्याध्यापकांशी आधी बसून बोलावं लागतं, आणि आपले शूटिंगवाले स्टेज लागल्यावर पोचतात.

लोककलावंतांनी ही गोष्ट आपल्या परीने केव्हाच ओळखली आहे. यात्रेत विकल्या जाणाऱ्या कीर्तनाच्या, भारुडाच्या, लावणीच्या डिस्क पाहा. चित्राच्या खालून सतत एक पट्टी सरकत असते : कार्यक्रमासाठी संपर्क, आणि नंबर. त्यांची कमाई सुपारीत आहे. डिस्क जितक्या हातांत जाईल तितका नंबर लांब जातो. ज्या बुवांची व्हीसीडी दुकानदाराने शंभर जणांना उतरवून दिली, त्यांना पुढच्या सप्ताहाचं निमंत्रण त्याच शंभरांतून येणार. पण इथे मला सगळं गोड दिसत नाही. सुपारी मिळते ती ज्याचं नाव पोस्टरवर आहे त्याला. ढोलकीवाला, गीत रचणारा, मागे सूर धरणारा, यांना कंपनीने एकरकमी काहीतरी देऊन मोकळं केलेलं असतं, मग डिस्क हजार विको की लाख. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना, आणि कलाकारांनाही, व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचा वाटा दिला. तो गावपातळीवरच्या डिस्कपर्यंत पोचलेला मी पाहिलेला नाही. ढोलकीवाल्याचं नुकसान मावशीच्या कॉपीने होत नाही, त्या एकरकमी पाकिटाने होतं. कॉपीविरुद्ध ओरडणाऱ्या किती निर्मात्यांनी आपल्या वादकांना विक्रीचा हिशेब दाखवला, हे विचारून बघावं.

एका माणसाला मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही : शिकवणीची डिस्क करणाऱ्याला. हार्मोनियम शिकवणारे गुरुजी, बारावीचं गणित सोडवून दाखवणारे सर. त्यांची अख्खी विद्या त्या चार तासांत भरलेली असते. सुपारी नाही, वर्गणी नाही, आणि एकाने घेतली की वर्गातल्या सगळ्यांचं भागतं. त्यांना मी सांगतो की शिकवण्याबरोबर शंका सोडवण्याचे पैसे घ्या, दर वर्षी नवे प्रश्न घाला, विकत घेणाऱ्याचं नाव डिस्कच्या सुरुवातीलाच टाका. शेवटचा उपाय त्यातल्या त्यात लागू पडतो. 'ही प्रत कुमारी अमुकसाठी' असं पडद्यावर आलं की वाटणाऱ्याचा हात थोडा आखडतो, आणि यासाठी कुठला परवाना लागत नाही. पण त्याने सगळं नुकसान भरून निघत नाही, हे खरं. त्यांचं नुकसान होतं आणि होत राहील. कुलपाने ते कमी होईल असं मात्र मला कुठे दिसलेलं नाही.

प्रत काढता येणं ही कलेच्या दृष्टीने आपत्तीच आहे, असं गृहीत धरून हा सगळा वाद चालतो, त्याबद्दलही बोलायला हवं. घरच्या रायटरवर राइट केलेली डिस्क टिकाऊ नसते. तिच्यात माहिती साठते ती रंगद्रव्याच्या थरात. ऊन, दमट हवा, हलका माल, काहीही पुरतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाची डीव्हीडी आज लावून बघा, अर्ध्या घरांत ती उघडणार नाही, आणि नव्या लॅपटॉपला तर ती घालायला जागाच नसते. जी उघडेल ती कुणीतरी मध्येच कधी हार्ड डिस्कवर उतरवून ठेवली म्हणून. मराठी मुलखातल्या जुन्या मैफलींचं हेच झालं. रसिकांनी स्पूलवर टिपलेलं गाणं स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर हातोहात गेलं म्हणून आज आपल्याला ऐकू येतं. गवयाला त्याचे पैसे मिळाले नाहीत हा त्यातला अन्याय, तो मी नाकारत नाही. पण कुलूप असतं तर पैसेही मिळाले नसते आणि गाणंही उरलं नसतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातलं, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं, चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मचं कोठार जळालं. जुन्या चित्रपटांची मूळ रिळं त्यात गेली. त्यांतले ज्यांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, तेच वाचले. सरकारी संग्रहालयाची ही गत, तर गावच्या स्टुडिओतल्या एका हार्ड डिस्कवर किती भिस्त ठेवायची?

कॉपी रोखण्याचं एक कारण मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि त्याचा पैशाशी संबंध नाही. आपल्या मुलीचा नाच अनोळखी माणसाच्या चॅनलवर दिसू नये, असं आईवडिलांना वाटतं. रास्त आहे. पण त्यासाठी शाळेने आणि शूटिंगवाल्याने आधी स्वतःला आवरायला हवं. प्रसिद्धीसाठी गॅदरिंगची क्लिप यूट्यूबवर टाकायची घाई सर्वांत आधी शाळेलाच असते, आणि ती टाकताना कुणाच्या पालकांना विचारलेलं नसतं.

तेव्हा पुढच्या हंगामात कुलूप शोधण्याऐवजी शाळेबरोबर एक पानाचा करार करावा. चित्रणाचे एकूण पैसे किती आणि कार्यक्रमाआधी किती, प्रती किती दिवसांत, कुठलं चित्रण सार्वजनिक टाकायचं नाही आणि टाकायचं तर कुणाच्या संमतीने, चित्रणाचा हक्क कुणाकडे, वेष्टनावर नाव-पत्ता कुणाचा. 'प्रत काढू नये' अशी ओळ त्यात घातली नाही तरी चालेल. मूळ फाइल किती वर्षं आणि कुणी जपून ठेवायची, ही ओळ मात्र हवी, कारण दहा वर्षांनी ती मागायला येणाऱ्या मुलांना शाळा स्टुडिओकडे पाठवेल आणि स्टुडिओ शाळेकडे.